‘योग’ : व्याकरणातला आणि पंचांगातला

प्रस्तावना

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात ‘कन्जंक्शन’ हा शब्द येतो तेव्हा विद्यार्थी त्याला ‘उभयान्वयी अव्यय’ हा मराठी पर्याय देतो. तोच शब्द खगोलशास्त्राच्या पुस्तकात आला की त्याचे मराठी ‘युती’ असे होते. सर्वसाधारण शब्दकोशात पाहिले तर ‘संयोग’, ‘योग’, ‘जोड’ असे प्रतिशब्द दिलेले असतात. परिणामी व्याकरणाच्या उत्तरपत्रिकेत ‘शब्दयोगी’ आणि ‘उभयान्वयी’ यांची अदलाबदल होते, आणि पंचांगातल्या ‘योग’ या रकान्याचा अर्थ ‘त्या दिवशीची ग्रहांची युती’ असा लावला जातो. वरवर पाहता या दोन वेगवेगळ्या चुका आहेत. त्यांचे मूळ मात्र एकच आहे. ‘योग’ म्हणजे जोडणे, म्हणून जिथे जिथे जोडणे आहे तिथे तिथे ‘योग’ असणार, अशी समजूत या दोन्ही ठिकाणी काम करते. वस्तुस्थिती अशी की मराठी व्याकरणात आणि पंचांगात, दोन्हीकडे, ‘योग’ हा शब्द अपेक्षित जागेच्या शेजारच्या जागेवर बसलेला आहे. तो तिथे का बसला आणि तिथे बसून कोणते काम करतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धातू आणि त्याचा गोतावळा

‘योग’ हा शब्द संस्कृत ‘युज्’ या धातूपासून आला आहे. धातुपाठात ‘युज्’ एकाहून अधिक वेळा येतो. त्यांपैकी सातव्या गणातला जोडणे या अर्थाचा आणि चौथ्या गणातला समाधी या अर्थाचा, हे दोन येथे महत्त्वाचे आहेत. पतंजलींच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्यात ‘योग’ याचा अर्थ समाधी असाच घेतला आहे. २०१५ पासून २१ जून हा दिवस जगभर योगदिन म्हणून पाळला जाऊ लागल्यानंतर ‘योग’ म्हटले की आसने आणि प्राणायाम एवढेच मनात येते. पण भाष्यकारांच्या मते तो योग या लेखाचा विषय असलेल्या योगाचा सख्खा भाऊ नव्हे. येथे विचार आहे तो जोडण्याच्या धातूचा.

या धातूचा मराठीतला परिवार मोठा आहे. युक्त, योग्य, संयोग, वियोग, उपयोग, उद्योग, प्रयोग, नियोजन हे तत्सम शब्द सर्वांना परिचित आहेत. करवीर तालुक्यातला शेतकरी बैलांच्या मानेवर ठेवतो ते ‘जू’ही संस्कृत ‘युग’ या शब्दाचेच घासलेले रूप आहे, आणि ‘युग’ हा ‘युज्’चाच वंशज. विशेष असे की इंग्रजी ‘कन्जंक्शन’ हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून झाला तेही याच मूळ भारोपीय धातूतून निघाले आहे. म्हणजे ‘कन्जंक्शन’ आणि ‘योग’ ही चुलत भावंडे ठरतात. इंग्रजीतल्या भावंडाने व्याकरण आणि खगोल या दोन्ही घरांत एकाच नावाने संसार थाटला. मराठीतले भावंड त्या दोन्ही घरांत पोचले खरे, पण राहिले ते वेगळ्या खोलीत.

‘युती’ हा शब्द मात्र ‘युज्’पासून झालेला नाही. तो ‘यु’ म्हणजे मिसळणे, जोडणे या धातूपासून आलेला आहे. अर्थ जवळचे असल्याने या दोन शब्दांची सरमिसळ फार पूर्वीपासून झालेली दिसते, आणि संस्कृत सिद्धांतग्रंथांतही एकाच संदर्भात दोन्ही शब्द येतात. मराठीने पुढे त्यांच्यात फरक केला.

व्याकरणातला योग

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर शब्दांच्या आठ जाती मानण्याची जी पद्धत त्या काळापासून रुळली, तिच्यात अव्ययांचे चार प्रकार येतात : क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. पुढे मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात या वर्गीकरणाची सविस्तर चिकित्सा झाली. शालेय पुस्तकांत आजही हीच नावे आहेत. या चार नावांपैकी दोन नावांत ‘योग’ हा शब्द दडलेला आहे, हे सहसा लक्षात येत नाही. ‘केवलप्रयोगी’ मधला ‘प्रयोग’ म्हणजे ‘प्र’ अधिक ‘योग’च. एवढेच नव्हे, तर कर्तरी, कर्मणी आणि भावे हे जे तीन प्रयोग शिकवले जातात, त्यांतही कर्ता, कर्म आणि क्रियापद यांची जुळणी कशी झाली आहे हाच प्रश्न असतो.

‘शब्दयोगी’ या नावाचा अर्थ सरळ आहे : जे शब्दाला जोडून येते ते. ‘घरासमोर’, ‘झाडाखाली’, ‘पंचगंगेपलीकडे’, ‘परीक्षेपूर्वी’ ही उदाहरणे पाहावीत. ‘समोर’, ‘खाली’, ‘पलीकडे’ हे शब्द नामाला येऊन चिकटतात, आणि चिकटताना नामाचे रूप बदलतात. ‘घर’चे ‘घरा’ होते, ‘पंचगंगा’चे ‘पंचगंगे’ होते. या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. शब्दयोगी अव्यय स्वतः बदलत नाही (म्हणूनच ते अव्यय), पण ज्याला जोडले जाते त्याला मात्र बदलवते. इंग्रजीत हे काम करणारा शब्द नामाच्या आधी येतो आणि इंग्रजी वैयाकरणांनी त्याला नावही ‘आधी ठेवलेला’ या अर्थाचे दिले. मराठीतले नाव जागेवर अवलंबून नाही, ते जोडण्याच्या क्रियेवर आधारलेले आहे. या बाबतीत मराठी संज्ञा मूळ इंग्रजी संज्ञेपेक्षा अधिक नेमकी आहे, असे म्हणायला हरकत नाही.

‘उभयान्वयी’ या नावात ‘योग’ नाही, ‘अन्वय’ आहे. अन्वय म्हणजे अर्थाचा संबंध. ‘पाऊस आला आणि शाळा सुटली’ या वाक्यात ‘आणि’ दोन्ही बाजूंशी संबंध ठेवते, परंतु कोणत्याच बाजूचे रूप बदलत नाही. ‘पाऊस आला’ हे जसेच्या तसे राहते, ‘शाळा सुटली’ हेही. म्हणून ‘आणि’ सुटे लिहिले जाते. ‘पण’, ‘किंवा’, ‘म्हणून’, ‘की’, ‘जर-तर’ या सर्वांचे असेच आहे. ‘किंवा’ तर दोहोंपैकी एक निवडायला लावते. अर्थाने ते वेगळे करते, पण वाक्यरचनेत मात्र सांधते. ‘योग’ म्हटले असते तर हे ‘किंवा’ अडचणीचे झाले असते. ‘अन्वय’ म्हटल्याने झाले नाही.

शब्दाला जोडून, त्याचे रूप बदलून होणारा संबंध तो योग, आणि दोन्ही बाजू अबाधित ठेवून होणारा संबंध तो अन्वय, असा हा भेद आहे. तो केवळ परीक्षेपुरता नाही. वाक्याच्या अर्थावरही त्याचा परिणाम होतो. ‘आई आणि बाबा आले’ आणि ‘बाबांबरोबर आई आली’ ही दोन वाक्ये घ्यावीत. प्रत्यक्षात घडलेली घटना एकच आहे : दोघेही आले. पहिल्या वाक्यात ‘आणि’मुळे दोघे सारख्या अधिकाराने कर्ते होतात आणि क्रियापद अनेकवचनी होते. दुसऱ्या वाक्यात ‘बरोबर’ हे शब्दयोगी अव्यय ‘बाबा’ या शब्दाला जोडले गेले, त्याचे रूप ‘बाबां’ झाले, आणि तो शब्द कर्तेपदावरून उतरला. क्रियापद एकट्या आईच्या मागे गेले. कोण कोणाला जोडले गेले, हे क्रियापद बिनचूक सांगते.

अर्थात हा भेद सर्वत्र इतका स्वच्छ नाही. ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’, ‘देखील’, ‘मात्र’ यांना शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणतात; ती शब्दाला जोडून येतात पण सामान्यरूप घडवत नाहीत. ‘मीही येतो’ मधला ‘ही’ लिहिताना चिकटतो, आणि अर्थाने मात्र ‘आणि’च्या जवळ जातो. भाषेचे व्यवहार वैयाकरणांच्या चौकटीआधीचे आहेत, त्यामुळे चौकटीच्या कडेला असे काही शब्द उभे राहणारच.

अलीकडे ‘घरा समोर’, ‘मंदिरा जवळ’, ‘दुकाना मागे’ असे लेखन फलकांवर, पत्रिकांत आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांतही सर्रास दिसते. याला केवळ शुद्धलेखनातला हलगर्जीपणा म्हणून सोडून देता येत नाही. ‘घरा’ हा शब्द मराठीत एकटा उभा राहूच शकत नाही. तो पुढच्या शब्दाची वाट पाहणारा शब्द आहे. त्याला तोडून लिहिणे म्हणजे योगाला अन्वय समजणे होय.

संस्कृत व्याकरणात डोकावले तर या प्रश्नाला आणखी एक पदर मिळतो. ‘च’ या अव्ययाचे चार अर्थ तेथे मानले आहेत : समुच्चय, अन्वाचय, इतरेतरयोग आणि समाहार. परस्परांवर अवलंबून नसलेल्या गोष्टी एका क्रियेत एकत्र आल्या की समुच्चय. मुख्य कामाला दुय्यम कामाची जोड दिली की अन्वाचय. ‘भिक्षेला जा आणि दिसली तर गाय घेऊन ये’ या धर्तीचे उदाहरण परंपरेने देतात. वस्तू एकमेकींच्या अपेक्षेने एकत्र आल्या, पण प्रत्येकीचे अस्तित्व वेगळे राहिले, तर इतरेतरयोग. आणि सर्व मिळून एकच गट झाला तर समाहार. द्वंद्व समास होतो तो यांपैकी शेवटच्या दोन अर्थी. म्हणजे ‘आणि’च्या अर्थी ‘योग’ हा शब्द संस्कृत व्याकरणात होताच. मराठी शालेय व्याकरणाने ‘इतरेतर द्वंद्व’ असे नाव घेतले आणि त्यातला ‘योग’ गाळला. ‘समुच्चय’ मात्र ‘समुच्चयबोधक उभयान्वयी अव्यय’ या नावात टिकून राहिला. ‘आईवडील आले’ यात क्रियापद अनेकवचनी आहे, कारण आई वेगळी आणि वडील वेगळे. ‘भाजीपाला महागला’ यात क्रियापद एकवचनी, कारण भाजी आणि पाला वेगळे मोजलेच जात नाहीत. मराठी बोलणारे मूल कोणतीही संज्ञा न शिकता हा भेद पाळते.

या संदर्भात कोल्हापूर परिसराचा एक जुना दुवा नोंदवण्यासारखा आहे. जैनेंद्र व्याकरणपरंपरेतला ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा ग्रंथ सोमदेव यांनी आजुरिका, म्हणजे आजचे आजरा, येथे शके ११२७ (इ. स. १२०५) मध्ये पूर्ण केला, तेव्हा येथे शिलाहार राजा दुसरा भोज राज्य करीत होता. शब्दांच्या जोडणीचे शास्त्र या भूमीला नवे नाही.

आणखी एक संज्ञा येथेच पाहून घेतलेली बरी. अवयवांच्या अर्थावरून ज्याचा अर्थ लागतो तो शब्द ‘यौगिक’, लोकव्यवहाराने ज्याचा अर्थ ठरतो तो ‘रूढ’, आणि अवयवार्थ लागत असूनही जो एकाच वस्तूपुरता बांधला गेला तो ‘योगरूढ’. चिखलात जन्मणाऱ्या वस्तू पुष्कळ असल्या तरी ‘पंकज’ म्हणजे कमळच. ‘पंचांग’ हा शब्दही असाच. पाच अंगे असलेल्या वस्तू कितीतरी, पण पंचांग म्हणजे तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण देणारे पुस्तक. त्यातले चौथे अंग म्हणजे पुन्हा योगच.

पंचांगातला योग

पंचांगातला योग म्हणजे आकाशातली भेट नव्हे. तो बेरजेचा परिणाम आहे. भारतीय गणितात ‘योग’ या शब्दाचा एक अर्थ बेरीज असा आहे, आणि पंचांगातल्या योगाचा अर्थ त्याच वाटेने लागतो. सूर्याचा भोग आणि चंद्राचा भोग, म्हणजे राशिचक्राच्या आरंभापासून त्यांचे अंशांतले अंतर, यांची बेरीज करावी. ३६० अंशांहून अधिक झाल्यास ३६० वजा करावे. उरलेल्या अंशांच्या कला करून ८०० ने भागावे. जो भागाकार येईल तितके योग संपले आणि पुढचा चालू आहे, असे समजावे. वर्तुळाच्या २१,६०० कला असतात, त्यामुळे ८०० कलांचे बरोबर २७ योग होतात : विष्कंभापासून वैधृतीपर्यंत.

एक उदाहरण घेऊ. सूर्य ४० अंशांवर आणि चंद्र १०३ अंशांवर आहे असे धरावे. बेरीज १४३ अंश, म्हणजे ८,५८० कला. ८०० ने भागल्यास १० पूर्ण आणि काही शेष. दहा योग गेले. अकरावा ‘वृद्धि’ चालू आहे. याच दोन आकड्यांची वजाबाकी केली तर ६३ अंश येतात. तिथी १२ अंशांची असते, म्हणून पाच तिथी संपून शुद्ध षष्ठी चालू आहे. आणि एकट्या चंद्राचे १०३ अंश नक्षत्राच्या १३ अंश २० कलांनी भागले तर आठवे नक्षत्र, पुष्य, मिळते. दोनच आकडे, त्यांची वजाबाकी म्हणजे तिथी, बेरीज म्हणजे योग.

सूर्य आणि चंद्र यांची खरी भेट होते ती अमावास्येला, वजाबाकी शून्य होते तेव्हा. ‘अमा’ म्हणजे बरोबर, एकत्र. ‘वस्’ म्हणजे राहणे. खगोलशास्त्राच्या परिभाषेत तीच सूर्य-चंद्राची युती. तिचे नाव योग नाही. व्याकरणात ‘आणि’ला उभयान्वयी म्हणावे आणि योग शेजारच्या अव्ययाला द्यावा, तसेच हे झाले.

तिथी आकाशाकडे पाहून ओळखता येते. चंद्राची कोर किती जाड आहे यावरून जाणकार माणूस ती सांगतो. योग मात्र डोळ्यांना दिसत नाही. सूर्य दिवसाला सरासरी सुमारे ५९ कला चालतो, चंद्र सुमारे ७९० कला. दोन्हींची मिळून दिनगती जवळपास ८५० कला होते, म्हणून ८०० कलांचा योग सरासरी २२ तास ३६ मिनिटांत संपतो आणि २७ योगांचे चक्र सुमारे साडेपंचवीस दिवसांत पूर्ण होते. आकाशातल्या कोणत्याही दृश्य घटनेशी हे चक्र जुळत नाही.

बेरजेची आणखी एक अडचण आहे, आणि महाराष्ट्राने ती प्रत्यक्ष अनुभवली आहे. दोन स्थानांची वजाबाकी करताना मोजणी कोठून सुरू केली याला महत्त्व नसते. आरंभबिंदू सरकवला तर दोन्ही आकडे सारखेच बदलतात आणि फरक तोच राहतो. बेरजेत मात्र आरंभबिंदूचा फरक दुप्पट होऊन बसतो. केरो लक्ष्मण छत्रे यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० साली प्रसिद्ध झाल्यानंतर महाराष्ट्रात पंचांगशोधनाची जी चर्चा सुरू झाली, तिच्यात राशिचक्राचा आरंभ कोठे मानावा हा कळीचा मुद्दा होता. हा वाद ताऱ्यांचाच होता. प्रत्येक नक्षत्रातल्या ज्या एका ताऱ्यावरून नक्षत्राचे स्थान सांगतात आणि ग्रहाशी त्याची युती मोजतात, त्याला ‘योगतारा’ म्हणतात. रोहिणीचा, मघेचा, चित्रेचा, ज्येष्ठेचा योगतारा ठळक आहे, त्याबद्दल शंका नाही. रेवतीचा मात्र अंधुक. त्या अंधुक ताऱ्यापाशी आरंभ मानणारा तो रैवत पक्ष, आणि चित्रेच्या तेजस्वी ताऱ्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर, आरंभ मानणारा तो चैत्र पक्ष. लोकमान्य टिळक रैवत पक्षाचे होते, आणि टिळक पंचांग त्याच पक्षाचे आहे. दोन्ही आरंभबिंदूंत सुमारे ४ अंशांचे अंतर आहे.

या चार अंशांनी तिथीत काहीच फरक पडत नाही. योगात मात्र ८ अंशांचा, म्हणजे ४८० कलांचा फरक पडतो. घड्याळाच्या भाषेत सुमारे साडेतेरा तासांचा. एकाच दिवशी, एकाच गावी, दोन्ही पंचांगे पुढ्यात ठेवली तर षष्ठी दोन्हींत सारख्याच वेळी संपते आणि योग वेगवेगळ्या वेळी. (संक्रांत आणि अधिक मास हेही आरंभबिंदूवर अवलंबून असल्याने कधीकधी या दोन पक्षांच्या घरांत गणपतीसुद्धा महिन्याच्या अंतराने बसतो, ते वेगळे.) तेव्हा ‘आजचा योग कोणता’ या प्रश्नाला आकाशाकडून उत्तर मिळत नाही; कोणता तारा आधाराला घेतला ते आधी सांगावे लागते.

बेरजेला अर्थ कोठून आला?

मग ही बेरीज करावी असे कोणाला का वाटले असेल? वेदांगज्योतिषात २७ योग नाहीत. सूर्यसिद्धांतासारख्या ग्रंथांत ‘पात’ म्हणून जो विषय येतो, त्यात या बेरजेचा खरा अर्थ सापडतो. सूर्य आणि चंद्र यांच्या भोगांची बेरीज १८० अंश झाली की, चंद्राचा शर सोडून दिल्यास, दोघांची क्रांती सारखी होते; म्हणजे विषुववृत्तापासून दोघे एकाच बाजूला सारख्याच अंतरावर असतात. त्याला व्यतिपात म्हणतात. बेरीज ३६० अंश झाली की अंतर सारखे पण बाजू विरुद्ध, तो वैधृती. २७ योगांच्या यादीत ही दोन्ही नावे आहेत, परंतु आज पंचांगातल्या योगासाठी निरयन भोग घेतात आणि पातासाठी सायन भोग लागतात, त्यामुळे यादीतल्या व्यतिपाताचा क्रांतीच्या समानतेशी संबंध उरलेला नाही. नाव राहिले, घटना निघून गेली.

बेरजेचा हा नियम कोल्हापूरकर दर वर्षी प्रत्यक्ष पाहतात, फक्त त्याला त्या नावाने ओळखत नाहीत. अंबाबाईच्या मंदिरात मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोचतात आणि मूर्तीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. हा किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो : साधारणपणे ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. दोनदाच का, आणि याच तारखांना का, याचे उत्तर बेरजेत आहे. १० नोव्हेंबरच्या सुमारास सूर्याचा सायन भोग सुमारे २२८ अंश असतो. १ फेब्रुवारीच्या सुमारास सुमारे ३१२ अंश. बेरीज ५४०, त्यातून ३६० वजा जाता १८०. म्हणून या दोन्ही दिवशी सूर्याची क्रांती सारखी, दक्षिणेकडे सुमारे १७ अंश असते, आणि कोल्हापुरात तो पश्चिम बिंदूपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला, क्षितिजावरच्या एकाच ठिकाणी मावळतो. नोव्हेंबरात तो दक्षिणेकडे जाताना त्या ठिकाणावरून जातो, फेब्रुवारीत परतताना. २१-२२ डिसेंबरच्या दक्षिणायनान्तापासून दोन्ही तारखा सुमारे ४१ दिवसांवर आहेत, हे कोणीही दिनदर्शिका घेऊन मोजू शकेल. मावळतीचे ठिकाण या काळात रोज पाव अंशाहून थोडे अधिक सरकते, त्यामुळे मुहूर्त दोनतीन दिवसांचाच. पश्चिमेला ढग आले, किंवा किरणांच्या वाटेत एखादे बांधकाम उभे राहिले, तर किरणे मुखापर्यंत पोचत नाहीत; वर्षभराची वाट पाहणे तेवढ्याने फुकट जाते.

पातात सूर्य आणि चंद्र असे दोन गोल असतात, किरणोत्सवात एकाच सूर्याची दोन वेळची स्थाने. गणित तेच आहे.

युती आणि तिचे भय

उरली युती. दोन ग्रह पृथ्वीवरून पाहताना एकाच भोगावर आले की युती झाली असे म्हणतात. समोरासमोर, १८० अंशांवर आले की प्रतियुती. सूर्यसिद्धांताच्या ग्रहयुतीच्या अध्यायात या भेटीला जोडीदार पाहून नावे दिली आहेत. पंचताराग्रहांची आपापसातली भेट म्हणजे युद्ध किंवा समागम, चंद्राशी झालेली भेट म्हणजे समागम, आणि सूर्याशी झालेली भेट म्हणजे अस्तमन, कारण सूर्याजवळ गेलेला ग्रह दिसेनासा होतो. कोणाशी जोडले गेले यावर नाव बदलते, ही सूक्ष्मता आजच्या ‘युती’ या सरसकट शब्दात उरलेली नाही. राजकारणाने तो उचलल्यापासून तर तो अधिकच सैल झाला. १९८९ मध्ये शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष एकत्र आल्यानंतर ‘युती’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात आधी मतदारसंघ येतात, ग्रह नंतर.

२१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी यांची युती झाली तेव्हा दोघांतले अंतर सुमारे ६ कला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या पाचव्या हिश्शाएवढे दिसत होते. त्यांच्यात इतकी जवळची युती त्यापूर्वी १६२३ साली झाली होती. सायंकाळी नैऋत्य दिशेला साध्या डोळ्यांनीही ते दोघे जवळपास एकच बिंदू वाटत. प्रत्यक्षात त्या दिवशी गुरू पृथ्वीपासून सुमारे ८८ कोटी ६० लाख किलोमीटरवर होता, शनी सुमारे १६२ कोटी किलोमीटरवर. दोघांच्या मध्ये ७३ कोटी किलोमीटर मोकळी जागा होती. युती ग्रहांमध्ये झाली नाही, पाहणाऱ्याच्या दृष्टिरेषेत झाली. ‘आणि’ने जोडलेल्या दोन वाक्यांप्रमाणे दोन्ही बाजू जशाच्या तशा राहिल्या.

हा भेद न उमगल्याची किंमत देशाने १९६२ मध्ये मोजली. त्या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू निरयन मकर राशीत एकत्र आले. अष्टग्रही म्हणून तिचा गाजावाजा झाला, प्रलयाची भाकिते झाली, देशभर यज्ञ आणि पारायणे झाली, घाबरलेल्या माणसांनी प्रवास आणि मंगलकार्ये पुढे ढकलली. जग जसे होते तसे राहिले. या आठांपैकी केतू हा गोलच नव्हे; चंद्राची कक्षा आणि क्रांतिवृत्त जिथे छेदतात त्या दोन बिंदूंपैकी तो एक. उरलेल्या सातांत स्वतः सूर्य होता, त्यामुळे ही भेट भारतातून कोणाला दिसण्याचाही प्रश्न नव्हता; सगळे ग्रह त्याच्या तेजात बुडालेले होते, आणि ५ फेब्रुवारीचे खग्रास ग्रहणही येथून दिसणारे नव्हते. माणसे भ्याली ती पंचांगातल्या एका ओळीला. जोडले जाणे म्हणजे एकमेकांवर परिणाम होणे, ‘घर’चे ‘घरा’ व्हावे तसे, असे त्यांनी गृहीत धरले होते.

‘भेटीचा योग आला’, ‘यंदा पंढरीचा योग नाही’, ‘काय योगायोग’ असे मराठी माणूस सहज बोलतो, त्यामागेही हेच पंचांग आहे, आणि त्या बोलण्यात काही बिघडत नाही. तेथे योग म्हणजे जुळून येणे. कोणी जुळवले हा प्रश्न बोलणाराही विचारत नाही.

गुरू आणि शनी यांची पुढची युती ३१ ऑक्टोबर २०४० च्या सुमारास आहे. सूर्योदयापूर्वी पूर्वेला, चित्रेच्या योगताऱ्यापासून फार दूर नसलेल्या जागी, ते दोघे एकमेकांपासून सुमारे एक अंशावर दिसतील. त्या दिवशीच्या पंचांगात योगाचा रकानाही असेल, आणि त्यात सत्तावीस नावांपैकी एक छापलेले असेल. त्या नावाचा या युतीशी काही संबंध नसेल. ती सूर्य आणि चंद्र यांच्या भोगांची बेरीज असेल.